पेटीचा सूर आणि उसाची ट्रॉली

भजनाला बसलेल्या पेटीवाल्याचा डावा हात काही सेकंदांतून एकदा भाता दाबतो. त्याच वेळी पांढरी सहाच्या पट्टीखालची पितळी जीभ सेकंदाला ४४० वेळा थरथरत असते. हाताच्या हालचालीत ४४० हा आकडा कुठेही नसतो आणि भात्यातून येणाऱ्या हवेतही नसतो. भाता देतो तो फक्त एकसारखा दाब. सपाट, संथ दाबातून इतक्या वेगाचे आणि इतके नेमके कंपन निर्माण होणे, याला यंत्रशास्त्रात स्वयंउत्तेजित कंपन म्हणतात.

बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजा तालुक्यात, जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर दुसरबीड आहे. या कंपनांचे नमुने तिथे पावलोपावली भेटतात. देवळातली पेटी, विहिरीवरचे कुरकुरणारे कप्पीचे चाक, थांब्यावर येताना किंचाळणारा एसटीचा ब्रेक, एकसारखे चालण्याऐवजी ‘धाप’ टाकल्यासारखे कमीजास्त होणारे जुने ऑइल इंजिन, वाऱ्यात गुणगुणणारी उच्चदाबाची तार आणि उसाने भरलेली डोलणारी ट्रॉली, ही सगळी वेगवेगळ्या खात्यांतली प्रकरणे वाटतात. त्यांचे गणित मात्र एकच आहे.

कंपने ढोबळमानाने तीन तऱ्हेची असतात. घंटेवर टोल दिला की ती काही वेळ वाजते आणि विरते. हे मुक्त कंपन. पिठाच्या गिरणीतले असमतोल चाक प्रत्येक फेऱ्याला जोत्याला एक धक्का देते. हे प्रणोदित कंपन, कारण धक्क्यांची लय बाहेरून ठरलेली असते. तिसऱ्या तऱ्हेत धक्का देणारे बल बाहेरून येतच नाही. हलणारी वस्तू स्वतःच्या हालचालीने ते बल घडवते.

नागपंचमीच्या झोक्यावरून हा फरक नीट कळतो. एखाद्याने डोळे मिटून, घड्याळाच्या ठोक्यावर झोक्याला धक्के दिले तर ते प्रणोदित कंपन झाले. धक्क्याची आणि झोक्याची लय जुळली तर झोका उंच जाईल, नाही तर धक्के एकमेकांना खाऊन टाकतील. पण झोका मागे आला की मगच ढकलायचे, असे झोक्याकडे पाहत केले तर धक्क्याची वेळ झोकाच ठरवतो. धक्का कधीच चुकत नाही. झोका धरून ठेवला तर ढकलणाराही थांबतो. कारखान्यातला अनुभवी फिटर यंत्राचा थरथराट तपासताना जवळपास हीच परीक्षा वापरतो. फेरे वाढवल्यावर थरथरही त्याच प्रमाणात जलद झाली, तर दोष असमतोलात शोधायचा. फेरे बदलूनही थरथरीची लय जवळपास तीच राहिली, तर यंत्र स्वतःलाच हलवत आहे. अशा वेळी चाकाचा तोल कितीही साधला तरी उपयोग होत नाही.

पेटीत ढकलणाऱ्याचे काम हवा करते. पितळी पट्टीतल्या फटीपेक्षा जीभ केसभरच अरुंद असते आणि ती फटीच्या तोंडाशी किंचित उचललेली असते. दाबाखाली हवा निसटू लागली की जीभ आत ओढली जाते. फट बंद होत येते, प्रवाह आवळला जातो आणि जीभ आपल्या ताठपणामुळे परत उसळते. मात्र हवेलाही वजन आहे, त्यामुळे प्रवाह जिभेच्या हालचालीमागे थोडा रेंगाळतो. या उशिरामुळे जीभ हवेच्या दिशेने जाताना तिला मिळणारा रेटा हा परत येतानाच्या विरोधापेक्षा थोडा जास्त ठरतो. प्रत्येक फेरीत हा थोडासा नफा जिभेच्या पदरी पडतो. सूर लावणारा कारागीर जिभेचे टोक घासून सूर चढवतो आणि मुळाशी घासून उतरवतो. म्हणजे कंपनाची वारंवारता जिभेच्या वजन-ताठपणावर ठरते, भात्यावर नाही.

हलणाऱ्या वस्तूतून ऊर्जा काढून घेणाऱ्या परिणामाला अवमंदन म्हणतात. घर्षण आणि हवेचा विरोध ही त्याची नेहमीची रूपे. स्वयंउत्तेजित कंपनात, निदान सुरुवातीला, हे अवमंदन उणे असते. हालचाल होते तिथे ऊर्जा जाण्याऐवजी येते. विहिरीवरची कप्पी कुरकुरते ती यामुळेच. सुक्या आसावर पृष्ठभाग चिकटलेले असताना घर्षण जास्त असते आणि सरकू लागल्यावर कमी होते. आस चिकटतो, ताण साठतो, मग तो एकदम सुटून सरकतो आणि पुन्हा चिकटतो. बिजागरीची करकर, फळ्यावर किंचाळणारा खडू आणि व्हायोलिनच्या तारेवर फिरणारा गज यांतही हीच चिकट-सरक चालते. तेल घातले की कप्पी गप्प बसते, कारण वंगणाच्या थरात वेग वाढला की विरोधही वाढतो आणि अवमंदन पुन्हा अधिक होते. व्हायोलिनवाला उलट गजाला राळ लावतो.

मग ही कंपने वाढत वाढत यंत्र मोडेपर्यंत का जात नाहीत? उत्तर अरेषीयतेत आहे. दुप्पट बलाला दुप्पट परिणाम मिळणे ही रेषीय वागणूक. गणिताला ती सोयीची असते, पण निसर्ग ती फक्त लहान हालचालींपुरती पाळतो. पूर्णपणे रेषीय पेटी बनवता आली असती तर तिचा सूर एकदा सुरू झाल्यावर वाढतच गेला असता. खऱ्या पेटीत जीभ जास्त हलू लागली की फटीतल्या प्रवाहाला मर्यादा पडते, हवेचा विरोध वाढतो आणि नफा-तोट्याची तोंडमिळवणी होते. फिलिप्स कंपनीत काम करणारे डच शास्त्रज्ञ बाल्थाझार व्हान डर पोल यांनी १९२०च्या दशकात रेडिओच्या व्हॉल्व्हवर काम करताना याचे सगळ्यांत साधे समीकरण मांडले. त्यात कंपन लहान असताना अवमंदन उणे आणि मोठे झाल्यावर अधिक असते. लहान कंपन वाढते, मोठे घटते आणि दोन्ही एकाच ठरावीक मापावर येऊन थांबतात. १९२८ मध्ये त्यांनी व्हान डर मार्क यांच्यासोबत हृदयाच्या ठोक्यांसाठीही याच समीकरणाचा वापर केला.

कागदावर आडव्या रेषेवर वस्तूचे स्थान आणि उभ्या रेषेवर तिचा वेग मांडला, तर अशा कंपनाचे चित्र एका बंद वळशासारखे येते. वळशाच्या आत कुठूनही सुरुवात केली तर वाट गिरक्या घेत बाहेर येते, आणि बाहेरून सुरुवात केली तर आत येते. या वळशाला मर्यादाचक्र म्हणतात. फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वाँकारे यांनी एकोणिसाव्या शतकात ते शुद्ध गणितात शोधले होते. यंत्रांच्या आणि रेडिओच्या कंपनांत दिसते ते हेच, हे १९२९ मध्ये रशियन शास्त्रज्ञ आंद्रोनोव यांनी दाखवले. घंटेचा आवाज टोल किती जोराचा यावर अवलंबून असतो. पेटी, घड्याळ, हृदय यांना मात्र सुरुवात कशी झाली हे आठवत नाही. ती सगळी आपल्या चक्रावर येऊन बसतात, आणि हा विसरभोळेपणाच त्यांना भरवशाचे बनवतो.

स्थिरता हा शब्द इथे दोन अर्थांनी येतो. मर्यादाचक्र स्थिर असते म्हणून सूर टिकतो. पण भाता हलका असताना जिभेची स्तब्धताही स्थिर असते. किंचित हलली तरी ती पुन्हा शांत होते. दाब एका उंबरठ्यापलीकडे गेला की स्तब्धता अस्थिर होते आणि सूर फुटतो. हा उंबरठा ओलांडण्याच्या दोन रीती आहेत. मवाळ रीतीत कंपन अगदी बारीक सुरू होते आणि दाब वाढेल तसे हळूहळू मोठे होते. कडक रीतीत आधी काहीच होत नाही, मग एकदम मोठे कंपन उसळते. ते बंद करायचे तर नुसते उंबरठ्याच्या खाली येऊन भागत नाही, बरेच खाली यावे लागते. मधल्या पट्ट्यात स्तब्धता आणि कंपन दोन्ही शक्य असतात. कोणते घडेल हे धक्क्यावर ठरते. यंत्र बनवणाऱ्याला भीती असते ती या दुसऱ्या रीतीची. चाचणीत शांत असलेले यंत्र खड्ड्यातल्या एका दणक्याने डोलायला लागते आणि वेग थोडा कमी करूनही थांबत नाही.

पेटीत एकाच पट्टीखाली बहुधा दोन सूर, म्हणजे दोन जिभा असतात. खर्ज आणि नर, किंवा नर आणि नर. (पट्टी दाबली की वरच्या सप्तकातली पट्टीही खाली जावी म्हणून बसवलेल्या तारांना पेटीवाले ‘कपलर’ म्हणतात. पण ती जोड पट्ट्यांची आहे. इथे विषय जिभांच्या जोडीचा आहे.) दोन्ही जिभा एकाच हवापेटीतून श्वास घेतात आणि एकाच लाकडावर बसलेल्या असतात. एकीने हवा आवळली तर दुसरीला मिळणारा दाब किंचित बदलतो. दोन स्वयंउत्तेजित आंदोलक, म्हणजे कंपन करणाऱ्या वस्तू, असे एकमेकांच्या कानाला लागले की जोडकंपनांचा खरा विषय सुरू होतो.

एक जीभ ४४० आणि दुसरी ४४२ला लावली तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. पुष्कळदा कारागीर आवाजाला भरीवपणा यावा म्हणून मुद्दामच एवढा फरक ठेवतात. हे हेलकावे ऐकू येणे हाच जोड दुबळी असल्याचा पुरावा. जोड आणखी घट्ट असती, किंवा फरक आणखी कमी असता, तर दोघींनी आपापली लय सोडून एक समान लय धरली असती. नियम साधा आहे. वारंवारतांमधला फरक जोडीच्या ताकदीपेक्षा कमी असेल तर आंदोलक एकमेकांत अडकतात, जास्त असेल तर सुटे राहतात. सीमेच्या अगदी जवळ गंमत घडते. दोघे बराच वेळ एकत्र चालल्यासारखे वाटतात, मग एकदम एक पाऊल निसटते, आणि पुन्हा बराच वेळ एकत्र. हेलकावे संथ होतात आणि त्यांची लय लंगडी पडते.

हा अडकाव प्रथम पाहिला तो ख्रिस्तियान हायगेन्स यांनी, १६६५च्या फेब्रुवारीत. लंबकाच्या घड्याळाचा शोध त्यांनीच काही वर्षांपूर्वी लावला होता. आजारपणात अंथरुणावर पडले असताना त्यांच्या लक्षात आले की एकाच तुळईला टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक नेमके एकमेकांच्या उलट दिशेने झुलत आहेत. मुद्दाम लय बिघडवली तरी अर्ध्या तासात ते पुन्हा तसेच जुळत. आधी त्यांना वाटले हवेच्या झुळकीने असे होत असावे. मग कळले की निरोप पोचवणारी होती ती तुळई, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी हलणारी. लंबक उलट दिशेने झुलले की तुळईवरच्या त्यांच्या ओढी एकमेकींना खोडून टाकतात आणि तिला हलवण्यात ऊर्जा वाया जात नाही. म्हणून तीच मांडणी टिकते. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी लोकांसाठी खुला झाला तेव्हा तुळईच्या जागी पूल होता आणि लंबकांच्या जागी पादचारी. पूल आडवा डोलू लागला, तोल सांभाळताना चालणाऱ्यांची पावले त्या डोलण्याशी जुळू लागली आणि डोलणे आणखी वाढले. पूल बंद करावा लागला. अवमंदक बसवून तो २००२ मध्ये पुन्हा उघडला.

लॉर्ड रॅले यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या ध्वनिशास्त्रावरच्या ग्रंथात याहून विचित्र गोष्ट नोंदवली आहे. जवळजवळ सारख्या सुराच्या दोन ऑर्गन-नळ्या शेजारी ठेवल्या तर त्या एका सुरात येतात, आणि कधी कधी एकमेकींना जवळपास गप्पच करतात. वाजायला समर्थ असलेले दोन आंदोलक जोडल्यावर दोघेही थांबतात, कारण एकाने मिळवलेली ऊर्जा जोडीतून दुसरा खातो. यंत्राला अवमंदक बसवणे म्हणजे हाच प्रकार हेतुपुरस्सर घडवणे. उच्चदाबाच्या तारेवर मनोऱ्याजवळ डंबेलसारखे दोन लोखंडी गोळे लटकलेले दिसतात. जॉर्ज स्टॉकब्रिज या अमेरिकन अभियंत्याने १९२०च्या दशकात काढलेली ही युक्ती. तीन सेंटिमीटर जाडीच्या तारेवर सेकंदाला तीन मीटरचा मंद वारा आला तरी तारेमागे आळीपाळीने भोवरे सुटतात आणि ती सेकंदाला सुमारे वीस वेळा थरथरते. हे थरथरणे बोटभरही नसते, पण वर्षानुवर्षे चालले तर पकडीपाशी तारेचे धागे एकेक करून तुटतात. गोळे ती ऊर्जा आपल्या छोट्या केबलच्या घर्षणात जिरवतात.

वारा आणि तारांची जोडी मात्र एवढ्यावर थांबत नाही. मोठ्या वाहिन्यांत एका फेजसाठी दोन किंवा चार तारा हातभर अंतरावर बांधलेल्या असतात. वाऱ्याकडच्या तारेमागची गढूळ हवा पलीकडच्या तारेवर आदळते. एकेकटी राहिली असती तर शांत राहिली असती अशी प्रत्येक तार या जोडीत, तारांमधले अंतर राखणाऱ्या स्पेसरांच्या दरम्यान, लंबगोल घिरट्या घालू लागते.

जोड केवळ जुळवते असे नाही, ती बिघडवतेही. विमानाचा पंख वर-खाली हलू शकतो आणि पिळवटूही शकतो. दोन्ही हालचाली सुट्या घेतल्या तर हवा त्यांना विरवते. पण ठरावीक वेगाला दोघींच्या वारंवारता एकमेकींकडे सरकतात, पिळाची आणि उचलीची वेळ जुळून येते आणि जोडीला हवेतून ऊर्जा मिळू लागते. याला फडफड म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून तिने विमाने पाडली आहेत. ७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. तो वाऱ्याच्या लयीशी अनुनाद साधून पडला, असे कितीतरी पाठ्यपुस्तकांनी सांगितले, अजूनही सांगतात. वाऱ्याला अशी लय नव्हतीच. पिळवटणाऱ्या पुलाने स्वतःच वाऱ्याकडून उणे अवमंदन ओढून घेतले होते.

आता ट्रॉली. दुसरबीडला जिजामाता सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे बंद पडला. पण हंगामात ट्रॅक्टरमागे एकाला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांवर शिगोशीग ऊस आणि मागची ट्रॉली सापासारखी डावी-उजवीकडे वळवळणारी, हे चित्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऊसपट्ट्याला परके नाही. रस्ता बाजूला ढकलत नसतो आणि चालक स्टिअरिंग हलवत नसतो, तरी हे वळवळणे चालते. ऊर्जा येते ती पुढे जाण्याच्या गतीतून.

एकच ट्रॉली घेऊ आणि तिचा हुक जणू रुळावरून नाकासमोर ओढला जात आहे असे मानू. साधे गणित सांगते की ट्रॉली कितीही वेगाने ओढली तरी तिचे डोलणे अखेर विरते. एवढेच की वेग दुप्पट झाला तर टायरांकडून मिळणारे अवमंदन निम्मे होते आणि विरायला वेळ लागतो. पण खरा हुक ट्रॅक्टरच्या मागच्या टोकाला असतो, आणि ते टोक ट्रॉलीच्या ओढीने स्वतःही बाजूला सरकते. ते सरकले की ट्रॉलीला नवा धक्का बसतो. या दोघांच्या देवाणघेवाणीत एका वेगापुढे शिल्लक अवमंदन शून्यावर येते आणि मग उणे होते. एकटी ट्रॉली स्थिर असते, एकटा ट्रॅक्टरही स्थिर असतो. अस्थिर होते ती त्यांची जोडी. मागे दुसरी ट्रॉली लावली की साखळी लांबते. पुढचीचे छोटे डोलणे मागचीत मोठे होऊन उमटते आणि थोडे उशिराने परत पुढे पोचते.

हा धोक्याचा वेग कुठे असेल हे भरणीवर ठरते. दोनचाकी ट्रॉलीत वजन आसाच्या मागे गेले तर हुक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार घटतो आणि त्यांची पकड सुटते. मागे लांब लोंबणारा ऊस ट्रॉलीला वळायला जड करतो. एकदा झुलली की ती थांबायला वेळ घेते. हवा कमी असलेले टायर आडवे दबतात. पिनेत ढिलेपणा असेल तर आणखी एक अरेषीय प्रकार दिसतो. तेवढ्या मोकळ्या जागेत हुक ट्रॉलीला धरतच नाही, म्हणून ती त्या जागेपुरती कायम डुलत राहते, अगदी कमी वेगातही. चालक म्हणतो, ‘पिन खेळते.’ हे छोटेसे मर्यादाचक्रच आहे. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असते. पण उतारावर, जिथे ट्रॉल्याच ट्रॅक्टरला पुढे ढकलू लागतात, तिथे तेच मोठ्या झोल्याची सुरुवात ठरते. अशा वेळी स्टिअरिंगने डोलण्याचा पाठलाग केला तर माणसाच्या उशिराने धक्क्यात भरच पडते. ट्रॅक्टरला एकदम ब्रेक लावला तर मागचे वजन पुढे रेटते. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडून वेग उंबरठ्याखाली आणणे हाच मार्ग उरतो. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असला तर तो तिला मागून ताणून सरळ ठेवतो.

यंत्राला आवरणारी यंत्रणाच डोलू लागते तो प्रकार याहून जुना. वाफेच्या इंजिनांवरचे फिरते गोळ्यांचे गव्हर्नर वेग स्थिर ठेवण्यासाठी होते. पण इंजिन मंदावले हे कळून वाफ वाढवेपर्यंत थोडा वेळ जाई, आणि इंजिन कमीजास्त होत राही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये गव्हर्नरांवरच्या निबंधात या अस्थिरतेचे गणित केले. नियंत्रणशास्त्राची सुरुवात पुष्कळजण तिथून मोजतात. शेतातल्या ऑइल इंजिनाची धाप ही त्याच गणितातली.

दुसरबीडच्या दिव्यातली वीजही अशाच एका प्रचंड जोडीचा भाग आहे. कोराडी किंवा चंद्रपूरच्या वीजकेंद्रांतल्या मोठ्या संचांचे रोटर मिनिटाला ३,००० फेरे घेतात आणि वाहिन्यांच्या लवचीक दुव्याने एकमेकांशी बांधलेले असतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी एका लयीत आले. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळे संच एका वारंवारतेला बांधलेले आहेत. एवढ्या लांबच्या जोडीत एका प्रदेशातले सगळे रोटर दुसऱ्या प्रदेशातल्या रोटरांच्या विरुद्ध मागे-पुढे झुलू शकतात, एका झोक्याला दोन-चार सेकंद घेत. व्होल्टेज सांभाळणारी जलद स्वयंचलित यंत्रणा याच झोक्यांना उणे अवमंदन देते, हे १९६०च्या दशकात लक्षात आले. म्हणून तिच्यासोबत झोका ओळखून उलटा रेटा देणारा स्थिरीकारक बसवतात. नेवाडातल्या मोहावी केंद्रात १९७० आणि १९७१ मध्ये लांब वाहिनीवरच्या कपॅसिटरांनी जनित्राच्या दांड्याच्या पिळकंपनाशी अशीच जोडी जमवली आणि दोन्ही वेळा दांडा निकामी झाला.

रेल्वेचे चाकही स्वतःहून डोलते. रुळावर टेकणारा चाकाचा भाग सपाट नसून किंचित शंकूसारखा उतरता असतो. भारतात हा उतार परंपरेने वीसास एक. गाडी डावीकडे सरकली की डावे चाक जाड भागावर आणि उजवे बारीक भागावर येते, जोडी आपोआप उजवीकडे वळते, मग डावीकडे. १८८३ मध्ये क्लिंगेल यांनी या नागमोडी वाटेची लांबी काढण्याचे सूत्र दिले. ब्रॉडगेजवर ९१५ मिलिमीटर व्यासाचे चाक धरले तर ती सुमारे १८ मीटर येते, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाला सेकंदाला एकाहून थोडे जास्त वेळा. हे सूत्र नुसत्या आकाराचे आहे. वेग वाढला की डोलणे वाढेल का, हे त्यातून कळत नाही. चाक आणि रूळ यांच्यातल्या सूक्ष्म घसरणीने तयार होणारी बले हिशेबात घेतल्यावरच ते कळते. ब्रिटिश अभियंते कार्टर यांनी १९१६ मध्ये ती वाट दाखवली. जपानमध्ये तादाशी मात्सुदाइरा विमानांच्या फडफडीचा अभ्यास सोडून दुसऱ्या महायुद्धानंतर रेल्वेत आले आणि १९६४च्या शिंकान्सेनसाठी हे डोलणे फडफडीच्याच गणिताने आवरले.

बोगीत दोन चाकजोड्या एका चौकटीत बांधलेल्या असतात, आणि चौकट डब्याला. चौकट ताठ असली तर दोघींना आपापली नागमोडी वाट चालता येत नाही आणि धोक्याचा वेग वर जातो. पण फार ताठ असली तर वळणावर चाके रुळाला घासतात. या दोन टोकांच्या मधली जागा शोधणे हेच बोगीच्या रचनेतले मुख्य काम. एलएचबी डब्यांत डबा आणि बोगी यांच्या दरम्यान आडवे तेलाचे अवमंदक लावलेले असतात. बोगी सावकाश वळली तर ते वाट देतात, झटक्याने वळू लागली तर अडवतात. रेल्वेची अस्थिरता बहुधा कडक रीतीची असते. सरळ, गुळगुळीत रुळावर शांत चालणारा डबा एका खराब सांध्याने डोलू लागतो आणि वेग बराच उतरेपर्यंत डोलत राहतो. म्हणून कमाल वेग ठरवताना फक्त शांतता मोडण्याचा वेग पाहत नाहीत. दणका बसल्यावरही डोलणे विरते असा खालचा वेग शोधून त्याच्याही आत राहतात. चाक झिजत जाते तसा त्याचा उतार बदलतो आणि हा खालचा वेग आणखी खाली येतो. त्यामुळे ठरावीक धावेनंतर चाके पुन्हा लेथवर चढवून मूळ आकाराला आणली जातात.